उघडून न पाहिलेली पोती

द्वारकाबाई घोलपांना कागदावर सही कधी धड जमली नाही. पेन हातात धरलं की 'द्वा' काढेपर्यंतच त्यांना घाम फुटायचा. पण सुतळीवर त्यांची सही अशी उमटायची की अख्खी मिल ती ओळखायची.

इंदूरच्या त्या कापड मिलमध्ये त्या वेस्ट खात्यात होत्या. साच्यांखाली पडलेला कापूस, तुटलेला धागा, तेलानं माखलेले बोळे, झाडलोटीतली धूळ आणि सरकी, हे सगळं टोपल्या भरभरून तिथे यायचं आणि पंधरा-वीस बाया मांडी घालून ते निवडत बसायच्या. साफ कापूस वेगळा, धागा वेगळा, तेलकट वेगळं, झाडलोट वेगळी. साफ कापूस परत पिंजायला जायचा. त्यात तेलकट बोळा एक जरी गेला तरी पुढचं सूत डागाळायचं आणि जॉबर, खात्याचा मुकादम, तोंडाचा पट्टा सोडत यायचा. पोतं कोणाचं हे कळावं म्हणून प्रत्येकीची गाठ ठरलेली असे. द्वारकाबाईंची गाठ म्हणजे सुतळीचे दोन वेढे, टोक मधून काढून डावीकडे ओढलेलं, आणि वर सशासारखे दोन कान. बाकीच्यांची पोती जॉबर सोडून, कोपरापर्यंत हात घालून बघायचा. द्वारकाबाईंच्या पोत्याशी आला की नुसती मान हलवायचा. "चल, ये जाने दे. द्वारकाबाई का है."

त्यांचं पोतं उघडून बघायचं नाही, हे पुढे मिलमध्ये नियमासारखंच झालं. फाटकावरच्या श्रीराम चौकीदारापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

एक्क्याण्णव साल सरता सरता मिल बंद पडली. भोंगा वाजायचा थांबला तरी पुढचे कितीतरी दिवस द्वारकाबाई त्याच वेळेला उठून वेणी घालून बसायच्या. नवरा आधीच गेलेला, मुलगी लग्न होऊन देवासला. अशा वेळी बड्या गणपतीच्या मागच्या गल्लीतल्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका चारुलताबाई स्वतः त्यांच्या दारात आल्या. द्वारकाबाईंच्या मुलीला त्यांनीच कधीकाळी पाढे शिकवले होते.

"अहो द्वारकाबाई, शाळेला एक मावशी हवी आहे. घंटा वाजवायची, पाणी भरायचं, वर्ग झाडायचे. याल का?"

"मला वाचता येत नाही हो मोठ्या बाई."

"घंटा वाचून वाजवायची नसते."

दोघी हसल्या. तेव्हापासून मधल्या सुट्टीत चारुलताबाईंचा डबा दोघींत उघडू लागला. मोठ्या बाई पोळी-भाजी अर्धी करून झाकणावर ठेवत, आणि द्वारकाबाई घरून आणलेला ठेचा त्यांच्यापुढे सरकवत. शिपाईणीबरोबर जेवणारी हेडमास्तरीण म्हणून मास्तरीण-मंडळ कुजबुजायचं. चारुलताबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. द्वारकाबाईंना त्याचं केवढं अप्रूप!

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर सुरतेहून प्लेगची बातमी आली. इंदूरला प्लेग नव्हता, पण भीती आली होती. गल्लोगल्ली पांढरी पावडर पडली, लोक तोंडाला रुमाल बांधून पोहे खायला जाऊ लागले. आणि सगळ्यांना एकदम दिसलं की आपण उकिरड्यात राहतो. शाळेमागचा नाला शेवेच्या पुड्यांनी, सुपारीच्या पाऊचनी, नव्या नव्या आलेल्या पातळ पिशव्यांनी गच्च भरला होता. पूर्वी वाण्याकडून सामान रद्दीच्या पुडीत यायचं. आता कोथिंबिरीची चार पानंसुद्धा पिशवीतून यायला लागली होती.

चारुलताबाई डोक्याला हात लावून बसल्या. "नगर निगमची गाडी पंधरा दिवसांत एकदा येते. मी काय करू, सांगा?"

द्वारकाबाई नाल्याकडे बघत होत्या. "बाई, हा कचरा नाही. हे निवडायचं राहिलंय."

इथून ते सुरू झालं. तेलाचे चार रिकामे डबे आले. कागद, सालं, प्लास्टिक आणि झाडलोट. सालं शाळेच्या पाठच्या खड्ड्यात जायची. कागद आणि प्लास्टिक यांची पोती भरायची. चारुलताबाईंनी सांवेर रोडवरच्या पुठ्ठ्याच्या एका कारखान्यात शब्द टाकला, तो कागद घ्यायला तयार झाला. प्लास्टिकचे दाणे करणारा एकजण त्याच्याच शेजारी होता. शनिवारी पोती न्यायला हातठेलेवाला ठरला. हा नंदू, साच्यांवर काम केलेला, मिलमधूनच सुटलेला चाळिशीचा माणूस. द्वारकाबाईंनीच त्याचं नाव सुचवलं होतं. "आपल्यातला आहे, इमानदार आहे."

तिसरीच्या मुलींना द्वारकाबाईंनी आपली गाठ शिकवली. दोन वेढे, टोक मधून, डावीकडे ओढ. सुरभी नावाची एक चुणचुणीत मुलगी पहिल्याच दिवशी शिकली आणि बाकीच्यांना शिकवायला लागली. द्वारकाबाईंनी मुलींना मिलचा कायदाही सांगितला. "गाठ मारली म्हणजे शब्द दिला. मग ते पोतं उघडून बघायचं नाही. मीसुद्धा बघणार नाही."

मुलींचे डोळे मोठे झाले. मोठ्या माणसानं आपल्यावर एवढा भरवसा ठेवल्याचं कोणत्या मुलीला आवडणार नाही?

मग गल्ली. द्वारकाबाई रविवारी घरोघर गेल्या. पहिलं घर सुरभीच्या आजीचं, सखुबाईंचं. सखुबाई म्हणजे गल्लीचं नाक.

"आमच्या सात पिढ्या सरकारवाड्यात चाकरीला. आता आम्ही पिशव्या धुवायच्या का गं, द्वारके?"

"धुवायच्या आणि वाळवायच्या, सखुबाई."

"दोरीवर? लुगड्याशेजारी?"

"लुगड्याच्या मागे वाळत घाला. कुणाला दिसणार नाहीत."

"चल, हट." पण हसल्या. "आणि त्याचं पुढे होणार काय? की तू घरी नेऊन शिवणार आहेस?"

"कागदाचा पुठ्ठा होणार. तुमच्या सुरभीच्या पुढच्या वर्षीच्या वहीला तोच पुठ्ठा लागेल. माझा शब्द आहे."

त्या शब्दावर सखुबाईंनी ऐकलं. आणि एकदा ऐकल्यावर त्या अशा काही मागे लागल्या की शेजारणीच्या बादलीत डोकावून ओरडायच्या, "अगं, कांद्याची सालं कागदात? डोळे फुटले का?" चौतीस घरं झाली, त्यांचं निवडलेलंही शाळेच्या पोत्यांत येऊ लागलं. नाला वाहता झाला. सहा महिन्यांनी पुठ्ठ्याच्या कारखान्यातून खरोखर एक गठ्ठा आला. चारुलताबाईंनी तो वर्गावर्गांत फिरवला. त्या दिवशी द्वारकाबाईंनी ठेच्याऐवजी पुरणपोळी आणली होती.

शहाण्णवची संक्रांत. मिल बंद झाली तरी मिलच्या बायांचं हळदीकुंकू फाटकाजवळच्या मारुतीच्या देवळातच व्हायचं, दर संक्रांतीला, दुपारी. त्यात काय मजा होती ते त्यांनाच ठाऊक. बंद फाटकासमोर बसायचं, कोणाच्या सुनेनं काय केलं ते बोलायचं, आणि उठताना कोणीतरी फाटकाकडे बघून नाक ओढायचं. द्वारकाबाई तिळगूळ घेऊन चौकीवरच्या श्रीरामकडेही गेल्या. तो अजून तिथेच होता, बंद मिलची राखण करत.

"तिळगूळ घ्या, गोड बोला."

"गोडच बोलतो, द्वारकाबाई. पण ते तुमचं सामान कधी उचलताय ते सांगा. उंदीर फार झाले हो."

"कोणतं सामान?"

"काय मस्करी करता! नंदू आणतो ना ठेल्यावर. आठ महिने झाले. मी एकदाही उघडून बघितलं नाही, हां. तुमची गाठ बघितली की जाऊ देतो आत. म्हटलं, द्वारकाबाईंचं आहे, काहीतरी कामाचंच असेल."

द्वारकाबाईंना आधी काही कळलंच नाही. मग श्रीरामनं लहान दार उघडलं. वाढलेल्या गवतातून पाऊलवाट वेस्ट खात्याच्या शेडकडे जात होती. आत, जिथे त्या वीस वर्षं मांडी घालून बसल्या, तिथे भिंतीला लागून पोत्यांची थप्पी होती. प्रत्येकावर दोन कान.

त्यांनी सर्वांत खालचं पोतं ओढलं, कान ओढून गाठ सोडली. आत फक्त कागद. परीक्षेच्या उत्तरपत्रिका, वह्यांची पानं, एकावर एक दाबून बसवलेली. एक साल नाही, एक पुडी नाही. इतकं साफ काम त्यांच्या खात्यातल्या बायांनीही केलं नसतं. त्यांना वाटलं, मुलींनो, शाबास. आणि ते शाबास काम उंदीर कुरतडत होते.

मग वरचं पोतं, अलीकडच्या महिन्यातलं. गाठ अचूक, सुरभीच्या हातची, कान जरा मोठे ठेवायची तिला सवय. आत संत्र्याची सालं, पेन्सिलीची साल, पाऊच, शेवेचा चुरा, ओला कागद, सगळं एकात एक. वरून गाठ मात्र सुरेख.

दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. तसंच.

"बरं नाही का वाटत?" श्रीराम म्हणाला. "पाणी आणू?"

त्यांनी मान हलवली. हाताला आलेला वास त्या लुगड्याला पुसत राहिल्या.

नंदू संध्याकाळी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी ठेला धूत होता. द्वारकाबाईंना पाहून त्याचा हात थांबला.

"मावशी, मी काय करू सांगा. कारखान्यानं गेल्या मेमध्येच ना बोलून दिलं. बोले, आता बाहेरच्या देशातून रद्दी येते, गठ्ठेच्या गठ्ठे, साफसुथरी, सस्ती. तुमची पोती कोण घेणार? तो प्लास्टिकवाला तर कारखाना बंद करून पळाला. मी आलो मोठ्या बाईंकडे. बाई बोलल्या, नंदू, कहीं भी डाल दे, पण द्वारकाबाईंना कळू देऊ नको."

"आणि तू मिलमध्ये टाकलीस. माझ्या नावानं."

"दुसरीकडे कोण घुसू देणार? तुमची गाठ आहे म्हणून श्रीराम भिया काही बोलला नाही." त्यानं मान खाली घातली. "नाव तुमचं चालतं ना अजून तिथे."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चारुलताबाईंनी डबा उघडला, पोळी अर्धी केली, झाकणावर ठेवली. द्वारकाबाई दारात उभ्याच राहिल्या.

"मी काल शेडमध्ये जाऊन आले, मोठ्या बाई."

चारुलताबाईंचा हात तसाच राहिला. त्यांनी कोणती शेड म्हणून विचारलं नाही. तेवढ्यावरूनच द्वारकाबाईंना सगळं कळलं.

"बसा तरी."

"नको."

"अहो, ऐका. सव्वीस जानेवारीला आपल्या शाळेला स्वच्छतेची ढाल मिळते आहे. तुमचा सत्कार ठेवला आहे, शाल, श्रीफळ, तुमचं नाव छापलंय पत्रिकेत. तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी गल्लीभर सांगत सुटला असता. बंद पडलं असतं सगळं."

"बंदच पडलं होतं."

"नाला स्वच्छ आहे. अंगणात कागद दिसत नाही. मुलींना सवय लागली. ते पोतं पुढे कुठे जातं, ही आपली जबाबदारी आहे का? सरकार बाहेरून कचरा विकत आणू लागलं, त्याला मी काय करणार?"

"तुम्ही मला सांगणार," द्वारकाबाई म्हणाल्या. "आपण दुसरं काही शोधलं असतं. नसतं सापडलं तर मी घरोघर जाऊन सांगितलं असतं की नाही जमलं. लोकांनी मला चार शिव्या दिल्या असत्या. वरची पोती बघितलीत? त्यात सालं आहेत. मुलींनी निवडणं सोडलंय. का सोडलं?"

चारुलताबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर मुली लंगडी खेळत होत्या.

"त्यांना कुठूनसं कळलं. नंदूनंच सांगितलं असेल. दिवाळीनंतर चौथीच्या मुली विचारायला आल्या होत्या माझ्याकडे." त्यांचा आवाज खाली आला. "मी म्हटलं, द्वारकाबाईंना सांगू नका. त्यांचा जीव आहे त्यात, त्यांना वाईट वाटेल. तुमच्यासाठीच म्हटलं हो मी."

द्वारकाबाईंनी विचार केला. दिवाळीनंतर. म्हणजे अडीच महिने. रोज त्या वर्गाच्या दारातून जायच्या तेव्हा मुली हसून डबे दाखवायच्या, मावशी, बघा. त्या "वा गं" म्हणत पुढे जायच्या, आणि त्यांची पाठ वळली की सगळं एकाच पोत्यात. आणि त्या पोत्याला वर गाठ, शब्दाची. चाळीस मुलींनी एका म्हातारीची समजूत काढली होती, वर्गात नाटक बसवावं तशी.

"मिलवाल्यांनी आम्हांला सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "शनिवारी गेलो, सोमवारी कुलूप. तेव्हा मला वाटलं, मोठी माणसं अशीच असतात. तुम्हांला मी त्यांच्यात धरलं नव्हतं."

"द्वारकाबाई, असं नका ना बोलू. पोळी तरी खा."

"वर्ग झाडायचेत माझे."

रविवारी सकाळी त्या नीट केस बांधून, धुवट लुगडं नेसून निघाल्या. शाळेत मुलींना एकत्र बसवून सांगावं असं आधी मनात आलं होतं; पण त्या काय सांगणार होत्या, मुलींना तर त्यांच्या आधीच ठाऊक होतं. गल्लीला ठाऊक नव्हतं. शब्द दिला होता तो चौतीस दारांत दिला होता, तेव्हा परत घ्यायचा तोही तिथेच जाऊन. प्रत्येक दारात त्या एवढंच म्हणत, "तुमचे कागद कारखान्यात जात नव्हते. आठ महिने ते बंद मिलमध्ये पडून आहेत. मी जातात म्हणून सांगितलं होतं, ते खोटं निघालं." मोठ्या बाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. का नाही घेतलं, ते त्यांना कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चार वर्षांच्या अर्ध्या पोळ्या आड आल्या असतील.

कोणी म्हणालं, जाऊ द्या हो मावशी, चलता है. कोणी तोंडावर दार लावलं. एका घरात तर सुनेनं त्यांच्यासमोरच दोन्ही बादल्या एकात उपड्या केल्या आणि म्हणाली, "सुटले बाई. रोजची कटकट." द्वारकाबाईंची बोटं सवयीनं पुढे झाली, कांद्याचं साल उचलायला. त्यांनी ती मुठीत धरली.

सखुबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. मागच्या दोरीवर तीन पिशव्या वाळत होत्या, लुगड्याच्या मागे. सुरभी पायरीवर बसून सागरगोटे खेळत होती. द्वारकाबाईंना पाहून तिनं खेळ थांबवला.

सखुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग दोरीवरच्या पिशव्यांकडे बोट केलं.

"म्हणजे या म्हाताऱ्या हातांनी थंडीत पिशव्या धुतल्या त्या उंदरांसाठी?"

"हो."

"आणि तू शब्द दिला होतास."

"हो. मीच दिला होता."

"तुला ठाऊक नव्हतं?"

"परवा कळलं. संक्रांतीला."

सखुबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. खरं-खोटं पारखायची त्यांची जुनी नजर. मग त्यांनी मान वळवली.

"आणि या पोरीला? पोती बांधायला हीच पुढे असायची ना. हिला ठाऊक होतं का गं, द्वारके? खरं सांग. आमच्या घरात खोटं बोललेलं मी चालू देत नाही, पाठ सोलून काढीन."

सुरभीच्या मुठीत सागरगोटे घट्ट झाले. द्वारकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांची पोर. हो म्हणावं तर मार खाईल, आणि तो मार खरा तिचा नाही. नाही म्हणावं तर आज सकाळपासून सतरा दारांत जे करत आलो त्यावर पाणी. शिवाय आत कुठेतरी त्यांना अजून वाटत होतं की ही पोर आपली आहे. हिला आपण बोट धरून गाठ शिकवली. विचारलं तर ही सांगेल.

"तिलाच विचारा," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, "सांग बाळा. मी आहे इथे. आजीला मी समजावेन."

सुरभीनं आजीकडे पाहिलं. मग द्वारकाबाईंकडे. नजर मुळीच खाली गेली नाही. वर्गाच्या दारातून जाताना ती जशी हसून डबे दाखवायची, तेच हसू, तोच स्वच्छ, मोकळा आवाज.

"नाही आजी. आम्हांला कुठे काय ठाऊक होतं? आम्ही तर रोज नीट निवडायचो. हो ना, मावशी?"

सखुबाईंचा चेहरा सैल झाला. त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. "माझी गुणाची गं ती," म्हणाल्या. मग द्वारकाबाईंना म्हणाल्या, "बस, चहा टाकते."

"नको, सखुबाई."

अंगणाबाहेर येऊन त्यांनी चपला पायात सरकवल्या. मागे सागरगोटे पुन्हा वाजू लागले होते. पुढे अजून सोळा घरं राहिली होती. द्वारकाबाई क्षणभर थांबल्या, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.